गावात मारबंदी

१ फेब्रुवारी
'मुलांना मारू नका' कमिटीचा अध्यक्ष झालो. माझ्याइतका दरारा गावात कुणाचा नाही, म्हणून. दवाखान्यातल्या नजातबाईंनी ट्रेनिंग दिलं, चित्रं दाखवली. चित्रं कशाला? धाक पुरतो. दोन महिन्यांत पोरांवर हात उठणं बंद.
घरचीच केस आहे. जावई झनातीने माझ्या सात वर्षांच्या नातीला, मलकला पट्ट्याने फोडून काढलं. मुलगी इनआम तिला घेऊन माझ्याकडे आलीय. तेव्हापासून मलक तोंडातून शब्द काढत नाही. तिला बोलती करणार. महिन्याच्या आत.

४ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये नियम सांगितला. जो पोराला मारेल, त्याला मी मारणार. नजातबाई म्हणाल्या, हाजी, हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं. म्हटलं, बाई, ट्रेनिंगच अपुरं आहे.

९ फेब्रुवारी
शाझली न्हाव्याने स्वतःच्या पोराच्या कानाखाली वाजवली. त्याच्याच खुर्चीत बसवून त्याचे दोन दात पाडले. राग आला की दहापर्यंत मोजा, असं शिकवलंय. मोजत मोजतच मारलं. सहाला थांबलो. प्रगती आहे.
मलक सोबत होती. घरी येऊन पलंगाखाली शिरली. लाजते.

११ फेब्रुवारी
शाझलीचे तिघे भाऊ काठ्या घेऊन आले. माझं डोकं फुटलं, त्यांच्यातल्या एकाचा हात मोडला. मला सहा टाके. पण जागृती होतेय. सगळं गाव याच विषयावर बोलतंय.

१७ फेब्रुवारी
आपल्यात खुनाचं वैर मिटवायला खुनी अनवाणी, कफन हातावर घेऊन समोरच्यांच्या दारात येतो, माफी मागतो. झनातीला तसंच आणायचं. एवढ्याशा पोरीसाठी एवढा मान! अख्ख्या दक्षिण इजिप्तात, सोहागपासून अस्वानपर्यंत, कुणी केलं नसेल.

१८ फेब्रुवारी, सकाळ
झनाती आला. हातावर कफन, नाकातून रक्त. यायला तयार नव्हता, पुतण्यांना ओढून आणावा लागला. मलकला पुढे उभी केली. म्हटलं, बोल, माफ केलं. ती कफनाकडेच बघत राहिली. झनाती म्हणाला, हाजी, पुरे करा, पोरगी घाबरलीय.
मला शिकवतो? त्याच्याच कमरेचा पट्टा काढला. एक, दोन, तीन, चार. चारलाच थांबलो. मलकचे कपडे ओले झाले होते.

दुपार
मलक बोलली! माझं काम बघायला नजातबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्यासमोरच आईला म्हणाली, "बाबांकडे जाऊ या. तिथे एकच जण मारतो."
इनआम म्हणाली, तिथेही नको आणि इथेही नको. पोरीला घेऊन नजातबाईंच्या घरी राहायला गेली. बायकांना जरा काही झालं की गाठोडं बांधतात.

२५ फेब्रुवारी
रिपोर्ट लिहिला. अध्यक्षांच्या घरात आठवडाभर मारहाण शून्य. घरात मी एकटाच असतो, पण तो कॉलम फॉर्ममध्ये नाही.
खजूर घेऊन मलकला भेटायला गेलो. अंगणात खेळत होती, आवाज गल्लीत येत होता. लांबूनच हात वर करून हाक मारली. तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.
ऊन लागत असेल.