पायलच्या वहीतले आकडे

५ जुलै, देवास
प्रशिक्षणाचा तिसरा शनिवार. आम्ही सहा डॉक्टर, सगळे मुलांचे, चाळिशीला टेकलेले आणि पुन्हा बाकावर. लहान मुलांच्या डायबिटीजवर संशोधन कसं करायचं ते शिकतोय. शिकवणाऱ्या सुभेदार मॅडम सांगत काही नाहीत, नुसतं विचारतात. आज मला: "तुझा प्रश्न काय?"
म्हटलं, कुक्षीकडच्या मुलांची साखर ताब्यात राहत नाही, म्हणून...
"ही तक्रार झाली. प्रश्न सांग."
घरी आई: "एवढी डॉक्टर झालीस, आता आणखी कसली गं परीक्षा?"
ही वही मराठीत लिहिते ते बरं. माझ्या धारच्या दवाखान्यात कुणाला मराठी कळत नाही.

२४ जुलै, धार
प्रश्न ठरला. मुलांनी रोज मीटरवर साखर मोजून वहीत लिहिली आणि दर आठवड्याला कुणा मोठ्या माणसाने ती पाहिली, तर फरक पडतो का? नीतिसमितीची मंजुरी आली. वह्या मी स्वतः आखल्या.
पहिली वही पायलला. बारा वर्षांची, कुक्षीला वसतिगृहात राहून सातवीत शिकते. तिच्या गावात पाचवीपुढे शाळा नाही. तिची वही वॉर्डन बघणार. कल्पना माझीच.

११ सप्टें., धार
पायलची वही सगळ्यांत नीटस. सकाळचे आकडे ७८, ८२, ७४. साखर फार खाली जायला नको म्हणून रात्रीचं इन्सुलिन कमी केलं, महिन्यात दुसऱ्यांदा. वजन जरा उतरलंय. वसतिगृहाचं जेवण, दुसरं काय.

२० सप्टें., देवास
मॅडमनी वह्या मागवल्या. पायलच्या वहीवर थांबल्या.
"एकही आकडा चढलेला नाही. हिला कधी ताप नाही आला? राखीला गोड नाही खाल्लं?"
"शिस्तीची आहे मुलगी."
"मीटर उघडून पाहिलंस?"
नाही. मीटरमध्ये आकडे साठून राहतात हे मला माहीत नाही असं थोडंच आहे. मंगळवारी कुक्षीला जायचंच आहे, तेव्हा बघते.

२२ सप्टें., धार
मंगळवारपर्यंत वेळच मिळाला नाही. सकाळीच पायलला गाडीत घालून आणलं. उलट्या, श्वास जोरजोरात, इन्सुलिन कमी पडलं की तोंडाला येतो तो फळासारखा वास. साखर इतकी की मीटर आकडाच दाखवेना. सलाइन, इन्सुलिन, दर तासाला तपासणी. चारच्या सुमारास तिने पाणी मागितलं. मग मी बाहेर येऊन बसले.
तिच्या पिशवीत मीटर होतं. जुलैपासून अकरा वेळा मोजलेली साखर. वहीत रोज तीनदा.
मी डोस कमी केला तो या वहीवरून.

२४ सप्टें., धार
आज बोलली. हळू, भिंतीकडे बघत.
"ज़्यादा लिखती तो घर भेज देते, मैडम।"
वॉर्डनने ऑगस्टमध्ये मुलींना सांगितलं होतं, जिची तब्येत ठीक राहत नाही तिने घरी राहावं. आणि दर शनिवारी वही वॉर्डनच्या हातात. मी ठरवल्याप्रमाणे.
म्हटलं, मग मोजायचं तरी का सोडलंस?
"दिख जाता तो फिर झूठ नहीं लिख पाती।"
तिची आई पायाशी बसलेली. "इसकी दो बहनें घर बैठी हैं। यही एक पढ़ रही थी। गलती किसकी है, मैडम?"
माझी, म्हटलं. तिला वाटलं, मी आपली चांगुलपणाने म्हणतेय.

२७ सप्टें., देवास
मॅडमना सगळं सांगितलं. पायलला संशोधनातून वगळते, असंही म्हणाले.
"वगळायची नाही. वही खोटी होती ते लिही. का खोटी होती ते लिही. डोस तू कमी केलास तेही. पण आधी समितीला कळव, आजच." मग: "बाकीच्यांची मीटरं?"
ती मी उघडलीच नव्हती.
आमच्या सहांतला राजगढचा डॉ. चौहान शेजारच्याला म्हणाला, "भिया, अपनी कॉपियाँ भी ऐसी ही सुंदर हैं।" मग आपल्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

१० ऑक्टो., कुक्षी
समितीने संशोधनात नवीन मुलं घेणं थांबवलंय. आणखी चार मीटरं उघडली. दोन वहीशी जुळली, दोन नाहीत.
वसतिगृहात गेले. वॉर्डनवर चिडून गेले होते, ते तिथे टिकलं नाही. थकलेली बाई. "साठ लड़कियाँ हैं और मैं अकेली। इसे मेरे सामने कुछ हो गया तो?"
म्हटलं, मी शिकवते तुम्हाला. इन्सुलिन, साखर, कधी घाबरायचं, कधी नाही. पायलला परत घ्या.
"सोमवार तक बताती हूँ।"

१४ ऑक्टो., धार
सोमवार गेला. फोन नाही. मी केला, उचलला नाही.
पायल सध्या आईबरोबर धारला मावशीकडे. शाळा बुडतेय. आज दाखवायला आली. बोट स्वतः टोचलं. २८७. पेन हातात धरून जरा थांबली, मग वहीत २८७ लिहिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
चेहरा कसा ठेवावा ते मला कळेना. शाबास म्हणायचं नव्हतं, अरे बापरेही म्हणायचं नव्हतं. म्हटलं, दोन युनिट वाढवू.
तिने वही मिटली. "ये भी हॉस्टल में दिखाओगी?"