झाकण उघडायचं नाही

४ नोव्हेंबर, सोमवार
कॉलेज सुटलं ते बरंच झालं. तिच्याबद्दल वाकडं बोलला म्हणून वर्गातल्या एकाचे दोन दात पाडले, पश्चात्ताप शून्य. आज गोठवलेल्या मटण-मासळीच्या दुकानात कामाला लागलो. तळघर, सहा मोठे फ्रीजर, बाहेर पडायला एकच विजेवर चालणारं शटर. मालकिणीला सगळे मावशी म्हणतात, मटण तोडणाऱ्या तिच्या भावाला मामा. मावशीने पॅकिंगच्या खोलीत गादी घालून दिली, पोटभर जेवू घातलं आणि विचारलं, की कुठल्या पोरीपायी तोंड असं पाडलंय? खरं ते सांगून टाकलं : लग्नाला हो की नाही, ते ती शुक्रवारी फोनवर कळवणार आहे. मामा म्हणाला, नाही म्हणाली तर डोकं थंड करायला सहा नंबर रिकामाच आहे. खो खो हसलो. तिला इथला पत्ता पाठवला.

५ नोव्हेंबर, मंगळवार
वादळात खांब पडले, वीज गेली. मावशीचा नियम एकच : झाकण उघडायचं नाही. बंद राहिला तर भरलेला फ्रीजर दोन दिवस माल धरतो. शटर हाताने उघडायचा दांडा मामाच्या कमरेला. पॉवर बँक एकच, तीही त्याच्याकडे. माझा फोन एकसष्ट टक्के. बंद ठेवलाय, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं फक्त. तिच्यासाठी.

६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी आठला चार नंबरमधून टीं-टीं आवाज. थर्मामीटर बोंबलतोय समजून झाकण उघडलं. कोळंबीच्या पाकिटांखाली हात. कोपरापर्यंतच. मनगटावर सेलचं घड्याळ, हिमाखाली आकडे अजून पळत होते.
मागे मामा उभा. त्याने सुरा उचलला. मी बाहेर राहिलेला मासा हाणला — गोठलेला असता तर कवटी फुटली असती. वितळून लिबलिबीत झालेला. माझी दोन बोटं गेली. डाव्या हाताची, म्हणून लिहितोय. पॅकिंगच्या खोलीत शिरून कडी घातली. पट्टी बांधायला फोनचाच उजेड. रक्त थांबेना, तासन्‌तास —

७ नोव्हेंबर, गुरुवार
मावशी दाराशी बसून समजुतीने सांगते, आधीच्या पोरानेही असंच झाकण उघडलं, सगळा माल नासला, मग मामाचं डोकं फिरणारच ना. म्हणे, चूक माझीच.
फोन सात टक्के. पोलिसांना लावला तर त्यातच संपेल. उद्या तिचा येणार. दार जाड आहे, टिकेल.
गाढव आहे मी. नाही लावला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
दाराला भोक पडलंय. सुऱ्याचं टोक आत येतं, जातं —

तिचा फोन! हो म्हणाली! घर सोडून निघालीय, बसमधून उतरली, कोपऱ्यावरच — मी ओरडलो, येऊ नको — फोन बंद. ऐकलं का तिने —

मामा थांबला. का —

शटर. दांडा फिरतोय.

मावशी गोड आवाजात कुणाला तरी सांगतेय, ये बाळा, तो आतच आहे, पायरी जपून —

हाक मारली. तिने ओ दिली. अगदी जवळून. कात्री घेतलीय. कडी काढ—