सौजन्य : आबासाहेब

चिंचवस्ती, ता. नेवासा
११ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
दयाचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तू पलीकडून नुसतं बरं बरं म्हणतोस, म्हणून हे पत्र. कानाचं मशीन काय कपाटाची शोभा वाढवायला घेतलंस, असं तुझी सून प्रार्थना विचारत होती. ती सासऱ्याला बोलू शकत नाही, मी बोलते.

इथं सगळं क्षेम आहे म्हणावं तर खोटं होईल. फेब्रुवारीत आमच्या शाळेची तपासणी आहे. प्रत्येक मुलाला परिच्छेद न अडखळता वाचता आला पाहिजे, हे वरून आलेलं एक उद्दिष्ट. दुसरं उद्दिष्ट लोकसहभाग. पहिलं माझ्या गळ्यात आणि दुसरं गावाच्या. गाव दुसरं इतक्या जोरात पुरं करतंय की पहिल्याला जागाच उरली नाही. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब तुला ठाऊक आहेत. त्यांनी कमान दिली, पाण्याची टाकी दिली, पंखा दिला. सगळ्यावर नाव. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव आहे आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

आता नवं ऐक. मी प्रशिक्षणाला नगरला गेले होते. परत येऊन बघते तर रंगनाथ पेंटर पटांगणाच्या भिंतीपुढं शिडीवर. तपासणीच्या सरावासाठी आलेले चारही उतारे त्यानं भिंतीवर उतरवले होते आणि प्रत्येकाखाली लाल रंगात ‘सौजन्य : आबासाहेब’. तपासणीत त्यांतलाच एखादा विचारतात, हे अख्ख्या गावाला माहीत. मुलं रोज सकाळी भिंतीपुढं हात मागे बांधून उभी राहतात आणि एका सुरात उतारे म्हणतात. आबासाहेब गावभर सांगत सुटलेत की बाईंना वर्षानुवर्षं जमलं नाही ते भिंतीनं केलं.

मला हसू आलं असतं, पण माझा जीव पूजात अडकलाय. चौथीत आहे. आईबाप ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे, ही आजीजवळ. उद्दिष्ट पुरं झालं तर आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवीच्या वर्गाची शिफारस मिळेल. नाहीतर पाचवी हमरस्त्यापलीकडच्या गावात, आणि तिची आजी मुक्ताबाई स्पष्ट म्हणते की त्या रस्त्यानं पोरगी धाडायची न्हाई, चौथी लई झाली. नोव्हेंबरात पूजा अक्षर अक्षर लावून वाचायला लागली होती. भिंत झाल्यापासून तेही सोडलंय. कशाला वाचेल, सगळं पाठ आहे.

डोक्याला नुसता ताप झालाय. काहीतरी सुचव, आणि धाकटीवर माया आहे तशी राहू दे.
तुझी,
दया


देवळाली प्रवरा
२० डिसेंबर २०२४

चि. दया हिस,
शलमोनचे अनेक आशीर्वाद.

मशीन लावलं की मला प्रार्थनाचा मिक्सर ऐकू येतो, माणसं नाही. म्हणून ते कपाटात आहे. हा विषय संपला.

तुझं पत्र वाचून तिडीक आली. तू मुख्याध्यापिका आहेस की आबासाहेबांची भाडेकरू? चुना आण, बादलीत कालव आणि भिंत पुसून टाक. त्यात सल्ला कसला मागायचा? पाठांतराला वाचन म्हणायचं असेल तर आपल्या चर्चमधला पोपट पण पदवीधर म्हणावा लागेल. माझ्या काळात लोकसहभाग म्हणजे गावकरी वर्ग शाकारायला यायचे आणि भाकरी घरची खायचे. नाव कुणी कौलावर लिहिलं नाही.

नाताळला येणार नसशील तर आधीच कळव, करंज्या कमी करायला सांगतो. प्रभू तुला थोडी अक्कल आणि पुष्कळ धीर देवो.
तुझा,
दादा


चिंचवस्ती
९ जानेवारी २०२५

ती. दादास, सलाम वि. वि.

तुझं बरं आहे. ओट्यावर उन्हाला बसायचं आणि चुना कालवायला सांगायचं. मी चुना आणला होता. आबासाहेबांनी बादलीच उचलून नेली आणि पारावर चार माणसांत म्हणाले की बाईंना गावानं केलेलं बघवत नाही. दुसऱ्या दिवशी रेश्मा, आमची पोषण आहार शिजवणारी, तीसुद्धा माझ्याशी धड बोलेना. नाव आबासाहेबांचं असलं तरी गावाची वर्गणी गेलीय त्यात, असं तिचं म्हणणं.

आणि खरं सांगू का, माझाही पाय घसरतोय. म्हणू देत पाठ. वर्ग तर मिळेल. पूजा गावातच राहील, मग तिला वर्षभर बसवून वाचायला शिकवीन. यात वाईट काय आहे? दरवेळी सरळ वागून मी काय मिळवलं? बदल्या आणि पित्त.

यावर तू काय लिहिणार ते मला पाठ आहे, भिंतीवर नसलं तरी. त्यामुळे उत्तराची घाई नाही. करंज्या पोचल्या, सारण कमी होतं.
राग आणि लोभ दोन्ही असू दे.
दया


चिंचवस्ती
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, सलाम.

झाली तपासणी. लेझीम झाली, नारळ झाला, आबासाहेबांचं भाषण झालं. मग साहेबांनी आमच्या अजिनाथच्या हातात कागद दिला. त्यानं तो घडी करून खिशात घातला, साहेबांकडे सरळ पाठ केली, खिडकीतून भिंतीकडे तोंड केलं, हात मागे बांधले आणि घडाघडा सुरू झाला. उतारा संपल्यावर थांबेल तर शपथ. त्याच दमात ‘सौजन्य आबासाहेब’ म्हणून नमस्कार करून खाली बसला. आबासाहेबांनी फेटा सावरला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेब भला माणूस. पोट धरून हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की पोरं धीट आहेत, वाचतात असंच लिहितो, पाचवीची शिफारसही करतो, सगळ्यांच्याच डोक्यावर उद्दिष्टं आहेत. दादा, मी हो म्हणणारच होते. तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात पूजा उठली. तिनं कागद डोळ्यांसमोर धरला होता, पण डोळे मिटलेले. कागदावर दुसरा उतारा होता आणि ती पहिला म्हणत होती. एकही शब्द चुकला नाही. संपल्यावर डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली, बाई, जमलं, अशी. ते हसू मला सोसवलं नाही. ही पोर पाचवीत गेली असती, सहावीत गेली असती आणि जन्मभर डोळे मिटून हसत राहिली असती.

मीच साहेबांना म्हणाले की पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पान द्या. दिलं. तीन-चार मुलं सोडली तर सगळी अडली. पूजा दुसऱ्याच शब्दावर थांबली आणि भिंतीकडे बघायला लागली.

शिफारस गेली. गाव माझ्याशी बोलत नाही. मुक्ताबाई बोलली, ते लिहवत नाही. आता तू तरी बरं केलंस म्हण.
दया


देवळाली प्रवरा
२२ फेब्रुवारी २०२५

चि. दया, आशीर्वाद.

बरं केलंस असं लगेच म्हणवत नाही. भिंत पूस म्हणालो होतो ते डिसेंबरात. ऐन तपासणीत, साहेबांपुढं, पोरीचा वर्ग जाईल हे दिसत असताना? आणि मी सांगितलेलं तू ऐकशील असं मला वाटलंच नव्हतं. आजवर कधी ऐकलंयस? दोन रात्री झोप नाही मला. त्या पोरीला मी पाहिलंही नाही आणि तिचाच विचार करतोय.

आता रडत बसू नकोस. गावाला नाव हवंय ना? मग दे. ती भिंत काळी रंगव आणि रोज एका घराला दे. त्या घरानं आपली बातमी सांगायची, तू ती खडूनं जशीच्या तशी लिहायची, खाली सांगणाऱ्याचं नाव. संध्याकाळी एका मुलानं ती सगळ्यांपुढं वाचायची. कोणी वाचायची ते वेळेवर ठरव. रोज नवं असेल तर पाठ काय करतील, कपाळ? पहिला मान आबासाहेबांना दे, म्हणजे काळा रंग तेच आणतील.

चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना केली. मोठ्यानं झाली असावी, लोक वळून बघत होते.
दादा


चिंचवस्ती
१२ एप्रिल २०२५

ती. दादास, सलाम वि. वि.

तुझी भिंत चालली. लिहायला जीवावर येतं, पण चालली. रंग आबासाहेबांनीच आणला. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या बैलजोडीचं इतकं लांबण लावलं की खडू संपला. मग कुणाची गाय व्याली, कुणाची मोटर जळाली. आपलं नाव वाचलं जातंय म्हणून लोक संध्याकाळी पटांगणात उभे राहतात आणि मूल अडलं की सगळे गप्प राहून वाट बघतात. पूजा आता वाचते. बोट लावून, पण वाचते.

काल मुक्ताबाईचा दिवस होता. तपासणीपासून ती शाळेकडे फिरकली नव्हती. आली आणि तिनं सांगितलं ते मी लिहिलं. नियम तुझाच, सांगतील ते लिहायचं. वाचायला कुणाला उभं करावं ते मला सुचेना, तर पूजा आपणहून पुढं झाली. आजीचं नाव आहे म्हणून खुशीत होती. तिनं सावकाश, एकदाही न अडता, मोठ्यानं वाचलं की माझी नात पूजा पाचवीला जाणार न्हाई. रस्ता मोठा हाय. सांगणार मुक्ताबाई.

वाचून झाल्यावर तिला कळलं काय वाचलं ते. ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. मी रडले, उगाच लपवत नाही. आबासाहेब भाषण न करता निघून गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भिंत मी पुसली नाही. आज कोणी पुसायला सांगितलंही नाही. तुझ्या देवाला जरा पुन्हा मोठ्यानं सांग.
दया


चिंचवस्ती
२१ जून २०२५

ती. शलमोन आजोबा यांस,
पूजाचा शि. सा. नमस्कार.

मी हे पत्र बघून लिवलं न्हाई. माझं मीच लिवलं. बाईंनी फक्त पत्ता सांगितला.

मी पाचवीत हाय. रस्त्यापलीकडं शाळा लई मोठी हाय. आबासाहेब आजोबा रोज सकाळी टेम्पोतून आमा पोरींना सोडत्यात आणि संध्याकाळी आणत्यात. माझी आजी पहिल्या दिवशी टेम्पोत बसून शाळेपर्यंत आल्ती. आता नुसती कमानीखाली उभी राहती.

टेम्पोवर नाव टाकायला रंगनाथ पेंटर आल्ता. आबासाहेबांनी त्याला माघारी धाडलं. म्हणले नाव नको, रस्त्याचा भाग हाय, चढता-उतरता पाटी वाचण्यात पोरींचं ध्यान जाईल. मग आमीच मागच्या फळीवर खडूनं त्यांचं नाव लिवलं. त्यांनी अजून पुसलं न्हाई.

बाई म्हणल्या तुमाला ऐकू येत न्हाई. म्हणून मी मोठ्या अक्षरात लिवलंय.

तुमी मला उत्तर धाडा. मी वाचीन.
आपली,
पूजा