कुझनेत्सोवा म्हणजे लोहाराघरची

आप्पा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज रविवारी सकाळपासून मी सिंगापुरात, हौगांगच्या फ्लॅटमध्ये तुमच्याशी मनातल्या मनात भांडतोय. बायको दोनदा म्हणाली, "एका जागी बसा की जरा." बसवत नव्हतं.

निमित्त एका रशियन आडनावाचं. तांजोंग पगार भागातल्या आमच्या ऑफिसात नवीन बाई आल्यात, कुझनेत्सोवा. बुधवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या गाळ्यांत, जेवताना कुणीतरी त्यांना आडनावाचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, कुझनेत्स म्हणजे लोहार. कधीकाळी घरात कुणाची तरी भट्टी होती; त्याच्या वंशातले पुरुष कुझनेत्सोव, बायका कुझनेत्सोवा. गावोगावी लोहार लागायचाच, म्हणून हे आडनाव रशियात ढिगानं सापडतं. हे सगळं नूडल्स खाता खाता, हसत. माझा घास तोंडातच फिरत राहिला. मग त्यांनी विचारलं, "तुमचं?" मी म्हणालो, "गावाच्या नावावरून." "आणि वडील काय करायचे?" "फॅब्रिकेशनचा बिझनेस होता." बिझनेस, आप्पा! रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, भाता, ऐरण, आणि कोयत्यांना पाणी पाजत बसलेले तुम्ही. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

लोहार हे आडनाव मी पुण्यात शिकताना गॅझेटमधून बदललं, तुम्हाला न सांगता. नंतरच्या सुट्टीतली ती दुपार मला अजून छळते. मी बाहेर गेलोय. नवा पोस्टमन माझ्या पहिल्या मुलाखतीचं पत्र घेऊन दारात येतो, पाकिटावरचं नाव वाचून दाखवतो. मधलं नाव तुमचंच, आडनाव भलतंच. तुम्ही भाता न थांबवता सांगता, "या आडनावाचं हितं कुणी ऱ्हात न्हाई." पत्र परत जातं. संध्याकाळी कळल्यावर मी तुमच्यावर ओरडतो, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. तुम्ही एवढंच म्हणता, "इचारलं असतंस तर हो म्हणालो असतो रं. चोरून का केलंस?" दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तालुक्याच्या पोस्टातून ते पत्र तुम्हीच आणून दिलंत. मुद्दाम परत पाठवलं होतंत की खरंच उमगलं नव्हतं, हे मी विचारलं नाही. तुम्हीही बोलला नाहीत.

काल लेक शाळेचा तक्ता घेऊन आली, घराण्याच्या नावाची माहिती लिहायची म्हणून. "पप्पा, क्विक ला, मंडेला सबमिट करायचंय." बुधवारचं ते 'बिझनेस' अजून सलत होतं. मी सगळं सांगून टाकलं. भट्टी, ऐरण, तुमचे पोळलेले हात. तिचे डोळे मोठे झाले. "ब्लॅकस्मिथ? सो कूल! मग नेम कुणी चेंज केलं?"

"आजोबांनीच," मी म्हणालो.

तिनं ते सुबक अक्षरात लिहिलं आणि खाली तुमचं चित्र काढलं. सकाळी ती पोहायला गेली. ती परत यायच्या आत तिला खरं सांगायचा धीर गोळा करावा म्हणून मी शेवटी हे लिहायला बसलो. ती केव्हाच आली, जेवली, तक्ता दप्तरात गेला. आप्पा, मी अजून तुम्हालाच सांगतोय.