बाबांच्या गादीचे तीन थर

९ ऑगस्ट
बाबांनी विचारलं, "मी गेलो की ही नवी गादीपण टाकणार ना गो?" आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण टाकतातच.
लकव्याने ते वर्षभर झोपूनच आहेत. दोन गाद्या कमरेखाली बसून कुजल्या, पाठीला जखम झाली. म्हणून ही तिसरी मी करतेय. खाली काथ्या, मध्ये कापूस, वर आईच्या जुन्या साड्यांची गोधडी. जो थर खराब होईल तेवढाच बदलायचा. सगळं टाकून देण्यासाठीच का करायचं?
मदतीला येऊन राहिलेली आत्या: "घरातली पहिली बीएस्सी, नि गाद्या भरत्येय!"

१४ ऑगस्ट
माझी चूक. गादीवाल्यासारखे तिन्ही थरांतून आरपार टाके घातले. आज गोधडी ओली झाली तर सगळी गादी उसवावी लागली. बाबा बघत होते.
"शिवतेस कशाला? सोडायचं असेल ते बांधावं."
खलाशी होते. उजवा हात गेलाय, डाव्याने गाठ दाखवली. तीनदा फसली, चौथ्यांदा बसली. घट्ट राहते, एका ओढीत सुटते.

२ सप्टें.
चारी बाजूंनी नाड्या लावल्या. कापसाचे तीन तुकडे: डोकं, कंबर, पाय. कमरेचा दबला की तो पायाशी, पायाचा कमरेखाली. जखम सुकतेय!
आत्या नाक मुरडत होती. बाबा म्हणाले, "बसून बघ, मग बोल." बसली ती चहा होईपर्यंत उठली नाही.

२१ ऑक्टो.
पहाटे बाबा गेले.
संध्याकाळी आत्याने गादी गुंडाळून पडवीत ठेवली. "उद्या टाकायची. घरात ठेवत नाहीत."

२२ ऑक्टो.
सकाळी पडवीत जाऊन नाड्या सोडल्या. एकेका ओढीत सुटल्या. त्यांच्या अंगाखालची गोधडी तेवढी खाडीकाठी नेऊन जाळली. काथ्या, कापूस अंगणात उन्हात घातला.
आत्या: "रीत अर्धी मोडलीस."
"अर्धी पाळली, आत्या."
ती तोंड फिरवून आत गेली.
आईने एवढंच विचारलं, "माझी हिरवी साडी होती त्यात?"
"होती."
"बरं झालं. त्यांनी आणलेली."

३ नोव्हें.
तेरावं काल झालं. आत्या परत गेली.
नवी गोधडी घालून गादी बांधली, बाबांच्याच गाठीने. आईच्या जागी अंथरून आले. आई अजून शेजारी चटईवरच बसली आहे, एक हात गादीवर ठेवून.