मनूबाई विलायतेला निघाली

॥ श्री ॥

बेळगाव कँप,
ता. २ फेब्रुवारी १९२७

ती. शामूअण्णांस,
धाकटी बहीण मनू हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

माझं अक्षर बघून हसू नका. पाटीवर तुमीच शिकवलेलं हाय, वाईट आलं तर दोष मास्तराचा.

पत्रास कारण की, आमच्या साहेबांची इथली नोकरी संपली. मार्चात ती समदी बोटीनं विलायतेला जाणार. बेबी चार वर्सांची हाय, माझ्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं खात न्हाय. तिला मराठी येती तेवढं इंग्रजी येत न्हाय. म्हणून मडमबाईंनी इचारलं की, मनू, तू संगं येशील काय, बेबी तिकडं रुळली की तुला परत धाडू. मी म्हटलं, भावाला इचारून सांगते.

माझ्या जयाला तुमी आन वैनींनी चार वर्सं पोटच्या लेकीसारखं सांभाळलं, म्हणून मला ही आयाची नोकरी जमली. आणखी किती वझं टाकू, असं वाटतंय. पण अण्णा, खोटं कशाला लिहू, मला जायचं हाय. मालक गेल्यापासनं येळ्ळूरचं सासर आन हा बंगला, ह्यापलीकडं काय बघितलं न्हाय. एकदा समुद्र बघावा वाटतंय. तुमी नको म्हटलासा तर न्हाय जाणार.

वैनींस नमस्कार. जयाला गोड पापा. तुमची माया हाय तशीच राहू द्या.

तुमची,
मनू

॥ श्री ॥

कडोली,
ता. ६ फेब्रुवारी

चि. मनूस,
शामूअण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. अक्षराचा दोष मला मान्य, बाकीचे काहीही मान्य नाही.

पिरनवाडीची अंबुबाई तुला ठाऊक आहे. अशीच एका साहेबाच्या मुलांबरोबर गेली. तिकडे पोचल्यावर त्यांनी तिला निरोप दिला. इकडे येणाऱ्या दुसऱ्या कुणाला आया हवी होईपर्यंत बिचारी दोन हिवाळे परक्या गावात वाट पाहत बसली. ती परत आली तेव्हा तिच्या मुलाचे लग्न होऊन गेले होते. मला सगळी रात्र तेच आठवत राहिले. येळ्ळूरला तुझ्या सासरी मी अजून काही कळवलेले नाही. इतक्यावरही तुझे मन मानत नसेल, तर परत आणून सोडण्याची हमी कागदावर घे. तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस.

तुझी वैनी बाळाबाई शेजारी बसून सांगते आहे. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवतो, माझा इलाज नाही:

वन्सं, ह्यांच्या रागावर जाऊ नगासा. तुमास्नी न्हाय म्हणून लिवत्यात, आन दोन दिस झालं शाळंतला नकाशा घरी आणून बसल्यात. मुंबईपासनं विलायत किती बोटं भरती त्ये मोजत्यात. तिकडं बर्फात लुगडं कसं सावरतासा, ह्येचीच मला काळजी.

असो. जपून राहा आणि भावाचे बोलणे कडू वाटले तरी भावाला विसरू नकोस.

तुझा,
शामूअण्णा

॥ श्री ॥

बेळगाव कँप,
ता. १४ फेब्रुवारी

ती. अण्णांस मनूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या सांगण्यापरमानं कागद मागितला. मडमबाई हसल्या. म्हणाल्या, मनू, तुझा माझ्यावर इस्वास न्हाय व्हय? मी म्हटलं, हाय, पण माझा भाऊ मास्तर हाय, त्याला समदं लिहिलेलं लागतंय. साहेबांनी लगीच लिहून दिलं. कागद ह्याच पाकिटात घातलाय, वाचून बघा.

हितं नुसती धांदल चाललीया. बंगलाभर पेट्या. रोज एक पेटी भरायची, आन बेबीनं तिच्यात बसून ती रिकामी करायची. मला बूट घेतल्यात. परसात घालून बघितलं तर पाय उचलंना, बबर्ची पोट धरून हसला. डाक्टरनं देवी टोचली, दंड सुजलाय. पासासाठी फोटो काढला, त्यात मी कुणावर तरी चिडल्यावानी दिसती.

जयाला दोन पत्रं घातली, एकाचंबी उत्तर न्हाय. तिला बरं हाय न्हवं? तेवढं कळवा. ह्या वेंधळ्या बहिणीला पदरात घ्या.

मनू

॥ श्री ॥

कडोली,
ता. १८ फेब्रुवारी

चि. मनूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागद वाचला. आमच्या हेडमास्तरांनाही दाखवला. जाण्याचे सगळे स्वच्छ लिहिले आहे. परत पाठवण्याबद्दल मात्र ‘सोय होईल तेव्हा’ इतकेच आहे. कुणाची सोय? अंबुबाईचीही सोय दोन वर्षांनी झालीच होती. तिथे महिन्याचे नाव घालून घे. घालायचे इंग्रजी वाक्य सोबतच्या चिठ्ठीवर लिहून दिले आहे, तसेच दाखव.

जयाची प्रकृती ठीक आहे. मन ठीक नाही. आईला पत्र का लिहीत नाहीस, असे मी विचारले. तर म्हणाली, मामा, आई बेबीची आया हाय, तिला जायलाच पायजे. एवढे बोलून भांडी घासायला बसली. गेल्या वर्षी तू इथे सगळे मिळून किती दिवस राहिलीस, ते तूच आठवून बघ. रागाने लिहीत नाही.

तुझे सुख इच्छिणारा,
शामूअण्णा

॥ श्री ॥

बेळगाव कँप,
ता. २५ फेब्रुवारी

ती. अण्णांस मनूचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून लई रडले. मग तोंड धुतलं आन मडमबाईंकडं गेले. सांगितलं की, कागदावर महिना घाला, आन निघायच्या आदी मला माझ्या लेकीकडं आठ दिस सोडा. मडमबाई रागावल्या. पेट्या कोण भरणार, बेबीला कोण बघणार, तुला जमत न्हाय तर दुसरी आया मिळंल, असं म्हणाल्या. मी म्हटलं, बघा मग. दुसऱ्या दिशी दुसरी एक बाई येऊन भेटूनबी गेली.

तिसऱ्या दिशी दुपारच्याला त्या परसाच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. पहिल्यांदाच. सांगायला लागल्या की, त्यांचा जन्म हिकडलाच. सात वर्सांच्या असताना आईबापांनी शाळंसाठी विलायतेला धाडलं. आई पुन्यांदा दिसली ती पाच वर्सांनी. बंदरावर त्यांनी आईला वळखलंच न्हाय, दुसऱ्याच एका बाईचा हात धरला. एवढं सांगितलं आन उठून आत गेल्या. मला आजवर वाटायचं, ह्या लोकास्नी असलं काय लागत नसंल.

सांजच्याला साहेबांनी नवा कागद दिला. आक्टोबर महिना घातलाय. सुट्टी आठ न्हाय, पाच दिस मिळाली. मंगळवारी सकाळी निघते. जयाला आदी सांगू नका, न्हाय तर दार लावून बसंल. वैनींना म्हणावं, तुमच्या हातची भाकरी पायजे, बाकी कायबी करू नका.

येते.
मनू

॥ श्री ॥

कडोली,
ता. ९ मार्च

ती. सौभाग्यवती नाही म्हणून काय लिहायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून नुसतं ती. आईस,
जयाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मुंबईला बोट सुटायच्या आत मिळेल, असं मामा म्हणाले. ते शुद्धलेखन तपासतो म्हणत होते. मी दिलं नाही.

तू पाच दिवस इथं होतीस. पहिले दोन दिवस मी बोलले नाही, ते वाया गेले. मला वाटलं, तू समजूत घालशील. तू नुसती माझ्या मागं मागं हिंडलीस, पाण्याला सुद्धा आलीस. मग मलाच कसंतरी झालं.

काल बेळगावला स्टेशनावर तुम्हाला पोचवायला आलो, तेव्हा मी रडले नाही. बेबी माझ्याकडं बघून हसली आणि तिनं मला जयाक्का म्हटलं. तिला माझं नाव कुणी सांगितलं? तूच सांगितलं असशील. घरी आल्यावर मामा जेवले नाहीत. मामी म्हणाली, मास्तर, बोट बुडत न्हाय, भाकरी गार हुती. मग जेवले.

बोटीवर बेबीला मळमळलं तर लिंबू दे. थंडी वाजली तर कुशीत घे. मी रागावणार नाही, ती लहान आहे. पण ऑक्टोबर लागला की तिला तिच्या आईजवळ निजव, आणि तू एकटीच ये.

तुझी मुलगी,
जया