प्रत्येक अक्षराला चार खोल्या

प्रिय दादा,

ज्यांच्या लिपीला यंत्राच्या दारात ‘जागा नाही’ म्हणून ताटकळत ठेवतात, त्या आपल्या सगळ्यांची तक्रार घेऊन मी पुन्हा उभी राहिले आहे. हसू नकोस. समोर सभा नाही, तू एकटाच आहेस, आणि मी स्वयंपाकघरातल्या डगमगत्या टेबलावर लिहिते आहे. पण गेले तीन आठवडे मी अशी पेटले आहे की शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, ‘निवडणुकीला उभी आहेस का गं?’ तू मला उगाच तोफ म्हणत नव्हतास.

आधी घरचं सांगते. अण्णांच्या घशाची जखम भरली. आवाज परत येणार नाही हे तुला ठाऊकच आहे. दीड वर्ष झालं, ते बोलपाटीवर टाइप करतात आणि पाटी त्यांच्या वतीने बोलते. ज्या कंपनीत तू ही पाटी बोलती केलीस, तिथेच मी आता नोकरी करते, आणि येत्या शुक्रवारी तिथे एक निर्णय व्हायचा आहे. नवी पाटी छोटी आणि स्वस्त येणार, तिची मेमरीही तेवढीच लहान. तिच्यात न मावणाऱ्या लिप्या काढून टाकायच्या, असं आमच्या साहेबांच्या मनात आहे. आपली लिपी यादीत पहिली. जुन्या पाट्यांची दुरुस्तीही वर्षअखेरीस बंद होणार. म्हणजे अण्णांनी या वयात परक्या भाषेत बोलायला शिकायचं, नाहीतर गप्प बसायचं. साहेब वर मला समजावतात, ‘तुमची लिपी सुंदर आहे हो, पण खाते फार.’

ती खरंच किती खाते हे बघायला मी अण्णांच्या पाटीची एक जुनी फाइल उघडली. पाटी अडकून बंद पडते तेव्हा मेमरीत जे असेल त्याची नक्कल कंपनीकडे येते आणि तिथे धूळ खात पडते. अण्णांना विचारूनच उघडली. आणि दादा, मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. प्रत्येक चिन्हाला तू चार खोल्या दिल्या आहेस, एकेका बाइटची एकेक खोली. आपल्या ‘र’ला चार, त्याच्या कान्याला वेगळ्या चार. आणि त्या चारांपैकी दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. पानामागून पान तेच: दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. मी तशीच साहेबांकडे गेले आणि म्हटलं, ‘आमची लिपी खात नाही साहेब. तुम्हीच तिच्यापुढे रिकामी ताटं मांडून ठेवलीत.’

तू असं का केलंस हे मला कळतं. सगळी चिन्हं एका मापाची असली की पाचशेवं चिन्ह कुठे आहे हे एका गुणाकारात सापडतं, आणि खोडताना पाटी कधी चिन्हाच्या मधोमध अडकत नाही. तेव्हा पाटी वीसएक वाक्यं साठवायची, त्यामुळे ही उधळपट्टी परवडत होती. आता ती दिवसभराचं बोलणं जपते. कामावरच्या एकाने सुचवलं, ज्याला लागेल तेवढंच द्या, जगभर हीच पद्धत आहे. आहे खरी. पण तिच्यात आपल्या चिन्हाला तीन खोल्या लागतात, आणि पाचशेव्यापर्यंत जायचं तर पहिल्यापासून मोजत जावं लागतं. मग मी दुसरी वाट धरली. आधी अख्खा मजकूर चाळायचा, त्यातलं सगळ्यात रुंद चिन्ह शोधायचं, आणि सगळ्यांना त्याच्याच मापाच्या खोल्या द्यायच्या. इंग्रजी मजकूर असेल तर एकेक, आपला असेल तर दोन दोन. गुणाकार शाबूत आणि जागा निम्मी. अण्णांच्या एका दिवसाच्या बोलण्यात चाळीस हजार चिन्हं होती. एक लाख साठ हजार खोल्यांच्या जागी ऐंशी हजार पुरायला हव्या होत्या. मी त्या दुपारी अख्ख्या खोलीला चहा पाजला.

चहा निवायच्या आत फजिती झाली. खरा मजकूर घालून पाहिला तर आकडा परत एक लाख साठ हजार. अण्णा स्वतःच्या विनोदापुढे तो हसरा चेहरा टाकतात ना, त्या चेहऱ्याला चार खोल्या लागतात. त्या एकट्यापायी बाकीच्या सगळ्या चिन्हांना चार चार मिळाल्या होत्या. साहेबांकडे उपाय तयारच होता, चेहऱ्यांवर बंदी. मी भर बैठकीत विचारलं की ज्यांचा आवाज गेला त्यांचं हसूही आपण काढून घ्यायचं का. पण चेहरेही राहतील आणि जागाही वाचेल अशी वाट मला सापडली नव्हती, आणि मी तोंड पाडून घरी आले.

अण्णांनी कारण विचारलं. काचसामानाच्या गोदामात एकतीस वर्षं खोकी बांधण्याच्या कामावर मुकादम होते ते, त्यांना बाइट काय कळणार, असं वाटूनही मी सगळं सांगितलं. ते उठले. कपाटातून सहा पेले आणि लोणच्याची मोठी बरणी आणून टेबलावर ठेवली आणि पाटीवर टाइप केलं, ‘एका बरणीसाठी सगळ्या पेल्यांना बरणीची खोकी देतेस? तुला मी कामावर ठेवलं नसतं.’ मग त्यांनी पेले तीन तीन करून वेगळे मांडले, बरणी एकटी बाजूला सरकवली. मी म्हटलं, पण मग पन्नासावा पेला शोधायचा कसा? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, तू ओळखतोस ती, आणि पाटी बोलली, ‘खोक्यावर आकडा लिहितात, बाळ.’

झालं! मजकुराचे चौसष्ट चौसष्ट चिन्हांचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचं माप त्याचं त्याचं. कुठला तुकडा कुठून सुरू होतो याची एक छोटी यादी जवळ. हसरा चेहरा असेल तेवढाच तुकडा रुंद, बाकी सगळे निवांत आपल्या मापात. त्या चाळीस हजार चिन्हांत अण्णांचे दहा चेहरे होते. ते सगळे धरून, यादी धरून, मजकूर चौऱ्याऐंशी हजार खोल्यांच्या आत बसला. साहेबांनी तीनदा मोजून घेतलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच हसले.

मग अडतंय कुठे? तपासणीस बाई आडव्या आल्या आहेत, आणि त्यांचं चूक नाही. रुग्णांच्या हातातलं यंत्र आहे. पाटी चालवणाऱ्या कोडच्या डोक्यावर तुझ्या नावाने दोन ओळी आहेत: ‘प्रत्येक चिन्हाला चार खोल्या. हे कोणीही बदलू नये.’ बाई म्हणतात, लिहिणाऱ्याने काहीतरी जाणूनच लिहिलं असणार. तो स्वतः येऊन सांगू दे, नाहीतर वर्षभराची नवी तपासणी. नवी पाटी आपल्या लिपीसाठी वर्षभर थांबणार नाही.

तू या कंपनीची आणि या घराची पायरी एकाच आठवड्यात उतरलास, त्याला नऊ वर्षं झाली. मी कारण विचारणार नाही. पण एक गोष्ट आता तुला कळलीच पाहिजे, आणि खरं तर हे पत्र मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं. अकरा महिन्यांपूर्वी तू व्हिडिओ कॉलवर अण्णांना विचारलंस की अजून राग आहे का. अण्णा काही बोलले नाहीत. तू वाट पाहिलीस आणि फोन ठेवलास. नंतर उचलला नाहीस. त्यांना वाटलं, तुला ऐकायचं नव्हतं. तुला वाटलं, त्यांना बोलायचं नव्हतं. दोघंही एकाच मापाचे हट्टी. मी उघडलेली फाइल त्या संध्याकाळची आहे. सकाळपासूनच्या बोलण्याने मेमरी काठोकाठ भरली होती आणि अण्णा टाइप करत असतानाच पाटी अडकली. शेवटचं वाक्य तिथे तसंच आहे, प्रत्येक चिन्हाच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवून: ‘राग केव्हाच गेला. तुझं टेबल खिडकीपाशी सरकवलंय. ये आणि’. पुढे काही नाही. नव्या मांडणीत ते वाक्य पुरं झालं असतं. मी हे अण्णांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि ‘शुक्रवारी मलाही ने’ एवढंच टाइप केलं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतील. दादा, शुक्रवारी सकाळी अकराला दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत ये, आणि बाईंसमोर त्या दोन ओळी स्वतःच्या हाताने खोड.

तुझीच,
तोफ